गिटारने साथीला बसावे

भाद्रपदात आणि पुढे जत्रांच्या हंगामात खानापूर तालुक्यातील गावोगावी, लोंढ्याच्या बाजारापासून थेट बेळगावच्या गल्ल्यांपर्यंत, जे ऑर्केस्ट्रे उभे राहतात, त्यांत मराठी भावगीत, हिंदी चित्रपटगीत आणि कन्नड चित्रपटगीत एकाच व्यासपीठावर, एकाच वादकसंचाकडून आणि बहुधा एकाच दमात सादर होते, ही या सीमाभागाची एक रम्य वहिवाट आहे व ती अशीच चालू राहावी असे मला मनापासून वाटते. परंतु या कार्यक्रमांत इलेक्ट्रिक गिटार या वाद्याची जी अवस्था होते तिच्याविषयी कोणीतरी एकदा स्पष्ट लिहिणे अगत्याचे झाले आहे. ही गिटार एक तर मुळीच ऐकू येत नाही, वादक तन्मयतेने बोटे चालवीत असतो आणि श्रोत्यांच्या पदरी केवळ त्याचे दर्शन पडते. नाही तर ती अशी ऐकू येते की तिच्यावाचून दुसरे काहीच कानी पडत नाही. मग फिर्याद शिरस्त्याप्रमाणे साउंडवाल्यावर दाखल होते, तो बिचारा मिक्सरची खुंटी वर किंवा खाली करतो, आणि पहिल्या अवस्थेतून दुसरी अवस्था प्राप्त होते. माझा निवाडा निराळा आहे. दोष मिक्सरपाशी पोहोचण्यापूर्वी गिटारच्या टोनमध्येच वस्तीला आलेला असतो. वादकाने तो टोन घरी, दार लावून, एकट्याने, स्वतःच्या कानास सुखावेल असा ठरवलेला असतो, आणि खर्जाने भरदार, तारसप्तकात चकचकीत व वरून प्रतिध्वनीचे तोरण बांधलेला असा जो नाद एकांतात ऐश्वर्यसंपन्न भासतो, तोच चारचौघांत अडगळ ठरतो.

या विषयावर लोंढ्याहून लिहिण्यात थोडे औचित्यही आहे. मुरगाव बंदरातून निघालेला पोर्तुगीज हद्दीतील लोहमार्ग १८८० च्या दशकात दूधसागरचा घाट चढून कॅसलरॉक येथे ब्रिटिश अमलाखालच्या मुलखात शिरला आणि तेथून सदर्न मराठा रेल्वेच्या मार्गाने लोंढ्याशी जोडला गेला. तेव्हापासून १९९८ साली कोकण रेल्वे पुरी होईपर्यंत गोव्याहून रेल्वेने मुंबईस जाऊ पाहणाऱ्याला लोंढ्यावाचून दुसरी वाट नव्हती. आगबोटीचा मार्ग होता खरा, पण तो पावसाळ्यात बंद पडे; आणि रेल्वेचा मार्गही १९५५ नंतर, भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केल्यावर, मुक्तिसंग्राम संपेपर्यंत खंडित झाला होता. या दोन वाटांनी गोव्यातून जे तरुण मुंबईस गेले त्यांत वादकांची संख्या लक्षणीय होती, आणि त्याचे कारण गोव्याच्या गावोगावच्या चर्चला जोडलेल्या संगीतशाळांत आहे, कारण तेथे लहान मुलांना स्वरलेखन वाचण्यास आणि व्हायोलिन धरण्यास पाटीपुस्तकाच्या वयातच शिकवीत. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत चाल सुचणारे पुष्कळ होते. ती चाल चाळीस-पन्नास वादकांत वाटून, प्रत्येकाच्या हिश्शाचा मजकूर कागदावर उतरवून देणारे मात्र थोडे होते, आणि ती उणीव या मंडळींनी भरून काढली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा, तुतारीवादक चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, आणि ज्यांच्याकडे प्यारेलाल यांनी व्हायोलिनचे धडे घेतले ते माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील ठळक नावे होत. गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात मोठा भारतीय वाद्यवृंद उभा केला आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांना गावयास लावले, ही गोष्ट आज त्यांच्या नावाच्या विनोदी चित्रपटगीतामागे झाकली गेली आहे, याचे वाईट वाटते.

या लोकांची खरी विद्या कोणती, असे विचारले तर मी म्हणेन, जागा राखण्याची. गायिकेने ओळ संपवून श्वास घेतला की व्हायोलिनांनी बोलावे, तिने स्वर लांबवला की मागून चेलोने संथपणे उलट दिशेची सुरावट काढावी, बासरीने ज्या सप्तकात शब्द चालू आहेत ते सोडून वर जावे, अशी ती वाटणी असे, आणि त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या साधनांमुळे ती कसोशीने पाळावीही लागे. गायक आणि सारे वादक एकाच वेळी, एकाच दालनात, मोजक्या मायक्रोफोनांपुढे बसत. कोणाचा आवाज जास्त झाला तर त्याची खुर्ची मागे सरकवीत किंवा हात हलका करण्यास सांगत. मागाहून दुरुस्ती करण्याची मुभा नव्हती. समतोल वादकाच्या बोटांत असावा लागे. त्या मेळ्यात गिटारही असे, पण तिचे काम बहुधा लयीच्या मागे हलके स्वरमेळ छेडण्याचे, आणि ती थांबल्याशिवाय ती वाजत होती हे ध्यानात येऊ नये असे.

वस्तुतः इलेक्ट्रिक गिटारचा जन्मच ऐकू न येण्याच्या तक्रारीतून झाला. अमेरिकेतील नृत्यगृहांत तुताऱ्या आणि सॅक्सोफोन यांच्या गजरात लाकडी गिटार बुडून जाई, म्हणून १९३१-३२ च्या सुमारास रिकनबॅकर यांच्या कारखान्यात लोहचुंबक व तारेचे वेटोळे यांचा पिकअप बसवलेली, धातूची, मांडीवर आडवी घेऊन वाजवायची गिटार सिद्ध झाली. हीच हवाईयन जातीची गिटार आपल्याकडे आधी रुजली. लखनौचे व्हॅन शिप्ले यांनी मुंबईत येऊन चित्रपटगीतांच्या धुना तिच्यावर वाजवल्या आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजल्या, कारण लोखंडी कांडीने घसरत जाणारा तिचा स्वर आपल्या मींडप्रिय कानाला परका वाटला नाही. परंतु ज्या अमेरिकेत हे वाद्य आवाज मोठा करण्यासाठी घडले, तेथेच फ्रेडी ग्रीन नावाच्या गृहस्थाने १९३७ साली काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात प्रवेश केला आणि पुढची पन्नास वर्षे, वीज न जोडलेली साधी गिटार घेऊन, त्या प्रचंड पितळी ताफ्याच्या मध्यभागी आपले स्थान अबाधित राखले. त्याची युक्ती अशी की तो सहा तारांचा स्वरमेळ कधी छेडीतच नसे. मधल्या एकदोन तारांवरचे, दुसऱ्या कोणी न घेतलेले स्वर तेवढे प्रत्येक मात्रेला टिपून ठेवी. म्हणजे आवाजाच्या प्रमाणाचा प्रश्न विजेने सुटला, तरी स्थानाचा प्रश्न निवडीनेच सुटतो, हे ज्याला कळायचे त्याला तेव्हाही कळले होते.

आता नादाच्या हद्दी कशा पडतात ते थोडे तपशिलाने पाहू, कारण आमच्या तरुण वादकांची अडचण भावनेची कमी आणि तपशिलाची जास्त आहे. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सेकंदाला ८२ कंपने होतात आणि सर्वांत बारीक तार ३३० कंपनांवर बोलते. चेलोची खालची तार ६५ वर आहे, व्हिओलाची १३१ वर, आणि गाणाऱ्या पुरुषाचा आवाज याच टापूत फिरतो. यांत कीबोर्डवाला दोन्ही हातांनी ‘स्ट्रिंग्ज’चा दाट, न संपणारा स्वर धरून बसला म्हणजे एकाच सर्व्हे नंबरावर चौघांनी नावे लावल्यासारखी स्थिती होते, आणि महसूल कोणाकडूनच वसूल होत नाही. शिवाय कानाचा धर्म असा की खालचा, जाड नाद वरच्या, बारीक नादाला झाकतो. वरचा खालच्याला सहसा झाकीत नाही. म्हणून गिटारवाल्याने पहिली सवलत खर्जात द्यावी. शंभर-सव्वाशे कंपनांच्या खालचा भाग इक्वलायझरने निःसंकोच छाटावा, तो बेस गिटारचा आणि ढोलकीच्या धुमाचा इलाखा आहे. अडीचशे ते चारशेच्या दरम्यान, जेथे कीबोर्डचा डावा हात नांदतो, तेथे किंचित उतार द्यावा. आणि दोन हजार ते चार हजारांच्या पट्ट्यात, जेथे गायकाच्या शब्दांतील व्यंजने स्पष्ट होतात, तेथे शब्द चालू असताना अतिक्रमण करू नये. असा छाटलेला टोन घरी एकट्याने ऐकला तर किरटा वाटेल, आणि याच क्षणी बहुतेकांचा धीर सुटून ते खुंटी पुन्हा फिरवतात.

पिकअपच्या निवडीतही हाच उलटा न्याय आहे. मानेकडचा पिकअप गोड, गोलसर, पुलाकडचा तीक्ष्ण. मृदू गाणे आहे म्हणून मानेकडचा लावावा, ही समजूत बाळबोध होय. मागे कीबोर्डचे दाट आवरण असेल तर तो गोड नाद त्यात विरघळून नाहीसा होतो व मधला किंवा पुलाकडचा सडपातळ नादच तेवढा पलीकडे पोहोचतो, आणि उलटपक्षी सोबत केवळ बासरी व तबला असेल तर तीक्ष्ण नाद अंगावर येतो व मानेकडचा शोभून दिसतो. टोन हा गिटारचा गुण मानण्यापेक्षा त्या त्या गाण्यातील शेजाऱ्यांशी असलेला तिचा संबंध मानावा, असे माझे म्हणणे आहे.

डिस्टॉर्शनचे प्रकरण अधिक नाजूक. तारेचा संदेश मुद्दाम विकृत केला म्हणजे दोन स्वरांच्या संयोगातून तिसरे, चौथे, कोणी न मागितलेले स्वर उत्पन्न होतात. षड्ज आणि पंचम एकत्र छेडले तर हे उपजलेले स्वर त्यांच्याच कुळातले निघतात व घोष भक्कम होतो, पण मध्ये गांधार घातला की गढूळपणा सुरू होतो. तेव्हा विकृत टोनने वाजवताना गिटारने षड्ज-पंचमावर समाधान मानावे आणि गांधार कीबोर्डच्या स्वाधीन करावा. स्वरमेळ श्रोत्याच्या कानात पुरा होतो, वादकाच्या हातात तो पुरा असण्याची गरज नाही. गेनची खुंटी घरच्यापेक्षा निम्म्यावर ठेवली तरी समूहात विकृती पुरेशी भासते, कारण व्हायोलिनांचा घोष तिला अधिक दाट करतो. आणि अलीकडे अँप घरी ठेवून प्रोसेसरची वायर थेट मिक्सरला जोडण्याची जी पद्धत पडली आहे, तीत स्पीकरच्या अनुकृतीचे कलम चालू आहे की नाही हे आधी पाहावे. गिटारच्या बारा इंची स्पीकरातून सुमारे पाच हजार कंपनांच्या वरचे फारसे काही बाहेर पडत नाही, आणि ती नैसर्गिक चाळणी काढून टाकली की मंडपाच्या कर्ण्यांतून जो किरकिराट येतो त्याचा दोष पुन्हा साउंडवाल्याच्याच माथी बसतो.

याहून सूक्ष्म गोष्ट आघाताची. वाद्य कोणते हे आपला कान पुष्कळसे स्वराच्या आरंभावरून ओळखतो. तो आरंभ पुसून टाकला तर ओळखीचे वाद्यही फसवते. गिटारचा स्वर टोकदार आघाताने सुरू होऊन लगेच उतरू लागतो, व्हायोलिनचा हळूहळू फुलतो, म्हणून दोन्ही एकत्र वाजली तरी एकजीव होत नाहीत. तार छेडताना व्हॉल्यूमचे पेडल मिटलेले ठेवून नंतर ते पायाने सावकाश उघडले, म्हणजे आघात गाळला जातो आणि गिटार तंतुवाद्यांच्या ताफ्यात बेमालूम मिसळते. हे पेडल महागडे नसते, तरी आमच्या वादकांच्या पेट्यांत ते शेवटी येते आणि तीन प्रकारची डिस्टॉर्शन आधी येतात. प्रतिध्वनीविषयीही एवढेच सांगायचे की कीबोर्डवरील व्हायोलिनांना ज्या आकाराच्या दालनाचा भास दिलेला असेल त्याच्याशी जुळेल इतपत, पण थोडा कमीच, प्रतिध्वनी गिटारला द्यावा. व्हायोलिन सभागृहात आणि गिटार न्हाणीघरात, असा प्रकार कानाला ताबडतोब कळतो.

येथपर्यंत जे सांगितले ते सारे यंत्राचे झाले. त्याच्या मागचा विवेक शिकण्यासाठी बेळगावकराला परदेशी जाण्याचे कारण नाही. तो विवेक त्याच्या गावात पेटीच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी बेळगावात राहून संवादिनीची जी परंपरा वाढवली, तीत एकलवादनाइतकाच साथीचा मान होता, आणि साथ म्हणजे काय हे ज्याने एकदा चांगल्या मैफलीत ऐकले आहे त्याला टोन म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. गायक आलाप करीत असता पेटीवाला भात्यावरचा हात आवरतो, सर्व पट्ट्या उघडून ठेवीत नाही, गायकाने दाखवलेल्या वाटेच्या पुढे धावत नाही, आणि त्याने विश्रांती घेतली की तेवढीच जागा भरून पुन्हा मागे सरतो. येथे स्मरण करून देण्यासारखी गोष्ट अशी की हीच पेटी परदेशी, समान अंतराच्या स्वरांची, मींड न येणारी म्हणून १९४० साली आकाशवाणीच्या केंद्रांवरून हद्दपार झाली होती आणि सुमारे तीन दशके तिला तेथे प्रवेश नव्हता; तरीही मैफलीतून ती गेली नाही, कारण साथ करणाऱ्यांच्या संयमाने तिच्या उणिवा झाकून टाकल्या होत्या. गिटारचे भांडवल तर पेटीहून मोठे आहे. तार ओढून तिच्यावर मींड काढता येते, दोन पडद्यांमधल्या श्रुती दाखवता येतात, जे कीबोर्डच्या पट्टीला साधत नाही. ज्याच्यापाशी हे सामर्थ्य आहे त्याने ते पोकळ जागी वापरावे, भरलेल्या जागी नाही.

यावर एक आक्षेप निश्चित येईल, आणि तो क्षुल्लक नाही. गिटारने खर्ज बेसला द्यावा, गांधार कीबोर्डला द्यावा, मधला पट्टा गायकाला द्यावा, आघातही गाळावा, तर तिने स्वतःजवळ ठेवावे काय? माझे उत्तर असे की ही वाटणी कायमच्या खरेदीखताची नाही. प्रत्येक कडव्याला ती नव्याने होते. १९६२ च्या पहिल्या जेम्स बाँड चित्रपटाची धून आठवून पाहा: व्हिक फ्लिक यांची गिटार तेथे अग्रभागी आहे, पण ती खालच्या तारांवर चालते व जॉन बॅरी यांनी पितळी वाद्ये तिच्या डोक्यावरून नेली आहेत, त्यामुळे दोघांनाही आवाज चढवावा लागत नाही. एन्नियो मोरिकोने यांनी १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये कर्कश, विकृत गिटार मोठ्या वाद्यवृंदाबरोबर वाजवली, आणि ती खटकते, पण ती खटकावी अशीच तेथे योजना आहे. आपल्याकडे १९८० च्या ‘कर्ज’मध्ये गोरख शर्मा यांनी वाजवलेली गिटारची सुरावट लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या भरघोस व्हायोलिनांसमोर स्वच्छ उभी राहते, आणि आज चाळीस वर्षांनंतरही आमच्या प्रत्येक ऑर्केस्ट्रात तिची फर्माईश होते, मात्र ती वाजवताना आमचा गिटारवाला मूळच्या साध्या, स्वच्छ टोनऐवजी हटकून डिस्टॉर्शनचे पेडल दाबतो, हे माझ्याने पाहवत नाही. याउलट डीप पर्पल या संचाने १९६९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिकबरोबर जो गाजलेला प्रयोग केला, त्यात वाद्यवृंद आणि गिटार बव्हंशी आळीपाळीने बोलतात. तो तहनामा आहे. मिलाफ म्हणायचा तर माझी हरकत आहे.

न्यायाने बोलायचे तर कीबोर्डवाल्यालाही समन्स काढले पाहिजे. केरसी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकात मूग सिंथेसायझर मुंबईच्या ध्वनिमुद्रणात आणला तेव्हा तो एक नवा, एकेरी स्वराचा, चवीपुरता वापरायचा नाद होता. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर आला, पाठोपाठ स्वस्त कीबोर्ड आले, आणि पाहता पाहता व्हायोलिनवादकांच्या रांगा ध्वनिमुद्रणालयांतून उठून गेल्या. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ऑर्केस्ट्रात तर एका माणसाच्या बिदागीत साऱ्या वाद्यवृंदाचे काम करून घेण्याची प्रथा पडली, म्हणून कीबोर्डवाला गाण्याचे सारे कोपरे भरीत सुटतो, कारण त्याला त्याचेच पैसे मिळतात. खरा व्हायोलिनवादक गज बदलतो, थकतो, लिहिलेल्या कागदावर विराम आला की थांबतो. पट्टीवर ठेवलेले बोट थांबत नाही. गायिकेची पट्टी काळी एक असो की पांढरी पाच, कीबोर्डवाला ट्रान्सपोजचे बटण दाबून मोकळा होतो, आणि गिटारवाल्याला मात्र कॅपो सरकवून साऱ्या तारांचा नादगुण बदलून घ्यावा लागतो. तेव्हा पट्टी आधी ठरणे, आणि कीबोर्डवाल्याने गिटार वाजत असताना डावा हात उचलणे, या दोन गोष्टी सौजन्याच्या सदरात न टाकता कामाच्या सदरात टाकल्या पाहिजेत.

मराठी श्रोत्याला हे बारकावे कळत नाहीत, असे आयोजक खाजगीत म्हणतात. ते असत्य आहे. अजय-अतुल यांनी २०१६ च्या ‘सैराट’साठी अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या परिसरातील सोनी स्कोअरिंग स्टेजवर, साठाहून अधिक वादकांच्या खऱ्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले, आणि ती गाणी नांगर धरणाऱ्यापासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत सर्वांनी डोक्यावर घेतली, कोणते वाद्य कोणते हे त्यांना सांगता आले नसेल, पण दाटी आणि भरघोसपणा यांतील फरक त्यांच्या कानाने ओळखला.

म्हणून येत्या गणेशोत्सवापूर्वी मंडळांच्या कार्यकारिणीस माझी एवढीच विनंती आहे की ऑर्केस्ट्राच्या करारपत्रात रोषणाई आणि मानधन यांच्याबरोबर एक कलम साउंड चेकचे घालावे: कार्यक्रमाच्या आधी पुरा एक तास, सर्व वादक आणि गायक व्यासपीठावर हजर, मंडप मोकळा, आणि पाहुण्यांचे सत्कार त्या तासात मुळीच नाहीत. गिटारचे वर्ग चालवणाऱ्यांनीही विद्यार्थ्याला दुसरे गाणे शिकवण्याआधी महिनाभर एखाद्या पेटीवाल्याशेजारी बसवावे, आणि त्याने काय वाजवले यापेक्षा कोठे थांबला याचे गुण द्यावेत.